बाईंच्या शुक्रवारचे दोन पाव

“पांढरी झाली का रे, ताहेर?” सेगुलाबाईंनी विचारलं.

“झाली ना, बाई,” ताहेर म्हणाला.

झाली नव्हती. पण बकरी ईदचा तिसरा दिवस, त्यात जुम्मा, पोटात दोन दिवसांचं जेवण आणि दारात पौषातलं मऊ ऊन. अशा वेळी माणसाचं तोंड मालकाला न विचारताच उत्तरं देऊन टाकतं. ताहेरच्या तोंडाला तर सवयच होती. अकरा वर्षं दर शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमाराला बाई हाच प्रश्न विचारत आणि तो हेच उत्तर देई. फरक इतकाच, की आजवर ते खरं असे.

बाईंच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते, आणि दुसऱ्या डोळ्याला भट्टीचं तोंड म्हणजे नुसता एक लालसर ढग दिसत होता. त्यांनी मान हलवली. पिशवीतून बाभळीची वीतभर काडी काढली, काहीतरी पुटपुटत ती निखाऱ्यांवर टाकली आणि बाकावर जाऊन बसल्या. ताहेरनं त्यांचे दोन पाव आणि नानकटाईचा पत्रा लांब दांड्याच्या फळीनं आत सारला. झालं. गोंधळ घालायला याहून जास्त मेहनत लागत नाही.

आता ही भट्टी पांढरी होण्याची भानगड काय, ते सांगितलं पाहिजे.

अकोल्याच्या जुन्या शहरात ताहेरच्या आजोबांनी बांधलेली विटांची ही भट्टी आहे. घुमटासारखी, आत वाकून माणूस बसेल एवढी. जाळ आतच करायचा, निखारे बाजूला ओढायचे आणि तापलेल्या फरशीवर माल भाजायचा. जाळ नुकताच लागला की धुरानं घुमट आतून काळा होतो. पण तासभर बाभूळ दणकून जळू दिली, की ती काजळीसुद्धा जळते आणि विटा हळूहळू पांढऱ्या पडत जातात, जणू आत बसून कुणी चुना मारतंय. त्या आधी फरशीवर काय सांडलं, काय उतू गेलं, त्याची तोवर राखसुद्धा उरत नाही. ताहेर लहानपणी हे तासन्‌तास बघत बसे. काळ्यातून पांढरं उगवताना त्याला कधी गावं दिसत, कधी ढग, कधी उंटांची रांग. तिथूनच त्याला बसल्या जागी तंद्री लागायची खोड लागली. मोहल्ल्यात म्हणत, ताहेरचे पाव कधी करपत नाहीत, कारण त्याचं नाक जागं असतं. बाकीचा ताहेर कुठे असतो ते अल्लाला माहीत.

भट्टीला पोट एक आणि पथ्यं गावभरची. मारवाडी गल्लीची बिनअंड्याची बिस्किटं पहाटे सगळ्यांच्या आधी. दिवाळीत बायका घरचं तूप-रवा घेऊन नानकटाईला येत आणि आपला पत्रा दुसरीच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून भट्टीच्या तोंडाशी पहारा देत. रमजानमध्ये सगळं वेळापत्रक उलटं. ताहेरचं शिक्षण सातवीपर्यंतच, पण कुणाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं.

या सगळ्यांत कडक पथ्य सेगुलाबाई झिराडकरांचं. बाई बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत. नवरा रेल्वेत गार्ड होता, त्याच्यामागे त्या अकोल्याला आल्या आणि म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकवायला लागल्या. ताहेर तिसरीत त्यांच्या वर्गात होता. त्या काळी गावात त्यांच्या लोकांची चार घरं होती. मग कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्राएलला, झिराडकर साहेब तर आणखी लांब. आता मोर्णा नदीच्या पलीकडे, स्टेशनाकडच्या एका गल्लीत बाई एकट्याच होत्या आणि शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस, त्यांच्यासोबत होता. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत.

अकरा वर्षांपूर्वी घरची पत्र्याची भट्टी फुटली, तेव्हा त्या पिठाचा डबा घेऊन ताहेरकडे आल्या होत्या.

“माझे पाव भाजून देशील? पण एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या होत्या. “आमच्यात दूध आणि मटण एकत्र चालत नाही. भांडी वेगळी, चूल वेगळी. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही, असं सांगितलेलं आहे. आणि मटणही आमच्या रीतीनं कापलेलं लागतं. ते इथं मिळत नाही म्हणून मी खातच नाही.”

“पन बाई, भट्टी तं एकच हाय.”

“एकच असली तरी चालते. आधी तिच्या पोटातलं सगळं जाळून टाकायचं. मग ती नवी.”

“पूजा-बिजा लागते का?”

“पूजा नको. आग पाहिजे. आणि आगीला माझा हात लागला पाहिजे, एक काडी तरी.”

“मंग तं तुमी अर्ध्या मालकीनच झाल्या,” ताहेर म्हणाला होता आणि बाई हसल्या होत्या.

तेव्हापासून शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला जाण्याआधी ताहेर भट्टीत बाभूळ रचून पेटवून द्यायचा. तो मशिदीत, भट्टी एकटी धगधगतेय. परत येईपर्यंत आत पांढरं फटक. त्याची दुपार संपत असायची आणि बाईंची संध्याकाळ सुरू व्हायची. या दोन पवित्र वेळांच्या मधल्या सांदीत ते दोन पाव भाजले जात.

मटण भट्टीत घालायचंच नाही, हा त्याच्या अब्बाचा नियम होता. पण यंदा खेड्यांनी मान टाकली होती. कापसाला भाव नव्हता, आणि भाव नसला की त्याची झळ आधी चहाच्या टपरीवरच्या बरणीला लागते. बार्शीटाकळीकडच्या ज्या टपऱ्या टोस्टचे वीस-वीस पुडे उचलत, त्या पाचांवर आल्या. भट्टी अर्धा दिवस रिकामी राहू लागली. मग या ईदला मोहल्ल्यातल्या लोकांच्या मसाला लावलेल्या तंगड्या ताहेरनं भाजायला घेतल्या. सगळ्या सकाळच्याच वेळेत. पण शुक्रवारी साडेअकराला अमरावतीहून त्याचा मेव्हणा शाकीब अख्खी तंगडी घेऊन उतरला. संध्याकाळी तिकडे राजापेठेत पंधरा माणसं जेवायला येणार होती म्हणे. मेव्हण्याला नाही म्हणायची रीत वऱ्हाडात कुणी काढलेली नाही. ताहेर नमाजाला गेला तेव्हा भट्टीत बाभळीच्या जाळाऐवजी शाकीबची तंगडी होती. परत येऊन त्यानं ती बाहेर काढली, शाकीब ती कापडात गुंडाळून बसकडे पळाला, आणि ताहेर वळून बघतो तर बाकावर बाई.

पाव भाजले जात असताना बाई नेहमीसारख्या बोलत बसल्या.

“परवा आमच्या एलियाझचा फोन होता इस्राएलहून, अश्दोदहून. म्हणाला, आई, एका डोळ्यानं तिथं काय करतेस, इकडे ये. मी म्हटलं, माझा शब्बाथचा पाव इथं नीट भाजला जातो. ज्या दिवशी भाजला जाणार नाही, त्या दिवशी तिकीट काढ.”

“मंग तं तुमी जातच नाई,” ताहेर जांभई देत म्हणाला.

साडेतीनला गरम पाव फडक्यात बांधून बाई रिक्षात बसल्या. ताहेर पिठाच्या पोत्याला टेकला आणि झोपला.

स्वप्नात मोर्णा भट्टीतून वाहत होती. घुमटाखाली पाणी, पाण्यावर पाव होड्यांसारखे तरंगताहेत, अब्बा काठावर बसून एकेक पाव पुढे ढकलताहेत. मग पाणी ओसरलं आणि भट्टीच्या फरशीवर एक करडू बसलेलं दिसलं. पांढरं, कपाळावर काळा ठिपका. ते फरशी चाटत होतं. निवांत, मन लावून, जणू कुणी तिथं दूध सांडून ठेवलं होतं. ताहेरनं त्याला हाकलायला हात उचलला, पण हात पिठाचा होता, हवेत विरघळून गेला. करडानं वर बघितलं. रागानं नाही. एखादा ओळखीचा माणूस पुलावर भेटावा तसं.

ताहेर उठला तो सरळ भट्टीकडे गेला. वाकून बघितलं. घुमट आतून काळा. फरशीवर मधोमध हाताएवढा तेलकट डाग. त्यानं बोट लावलं, बोट नाकाला लावलं. मटणाची चरबी.

“काय झालं, भूत पाह्यलं का?” मागून त्याच्या बायकोचा, नईमाचा आवाज आला. ती चहा घेऊन आली होती.

“बकरी पाह्यली.”

“तीन दिवसांपासून तेच तं पाहून राहिले तुमी.”

“बाईच्या पावाच्या आधी शाकीबची तंगडी होती आत. भट्टी जाळलीच नाई मी.”

नईमानं कप खाली ठेवला. “बाईनं विचारलं नाई?”

“विचारलं. झाली म्हनलो.”

“काहून?”

“तोंडानं म्हनलं.”

 नईमानं चहाचा कप ताहेरपासून लांब सरकवला. तो पोत्यावर बसला.

“सांगितलं तं बाई जाईन इस्राएलले,” तो म्हणाला. “आत्ताच म्हनून गेली, पाव नीट भाजला नाई तं तिकीट काढीन. आन् नाई सांगितलं तं... तिले तं दिसतही नाई. आज खाऊन घेईन, पुढच्या शुक्रवारी मी दोन तास जाळतो.”

“उद्या कोनी तुमाले डुकराच्या चरबीत तळलेलं भजं देलं,” नईमा शांतपणे म्हणाली, “आन् वरतून म्हनलं, खा ताहेरभाई, तेल एकदम साफ हाय. तं?”

“तौबा.”

“मंग चहा नका पिऊ. उठा.”

पाच वाजून गेले होते. सूर्य मावळायच्या आधी बाई दिवा लावणार, मग दोन्ही पावांवर हात ठेवून प्रार्थना म्हणणार आणि पहिला तुकडा मोडणार. ताहेरनं सायकल काढली. अंगावरचं पीठ झटकायचं राहिलं, त्यामुळे जुन्या शहराच्या बाजारातून तो गेला तेव्हा मागे पांढरी रेघ उडत होती.

पुलावर त्याला वाटलं, आपण पुढे जातच नाही. पायडल फिरतंय, पण पूलच खालून मागे सरकतोय. नदीत पाणी असं दिसत नव्हतं, नुसती जलपर्णी, आणि तिच्यावर उतरत्या उन्हाचा असा रंग चढला होता की कुणी नदीभर नानकटाई वाळत घातलीय. काठावर म्हशी स्थिर. एक बाई कपडे पिळत होती, तिच्या हातातून पाणी पडताना दिसत होतं, आवाज मात्र येत नव्हता. ताहेरला एक क्षण वाटलं, अजून आपण पोत्याला टेकूनच आहोत, आणि हे खरं निघालं तर किती बरं. मग एका रिक्षावाल्यानं त्याला आईवरून शिवी दिली आणि तो जागा आहे हे पक्कं झालं.

बाईंचं दार उघडं होतं. आत टेबलावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलेलं. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यात वात. बाजूला हातरुमालाखाली दोन उंचवटे.

“बाई, ते पाव खाऊ नका.”

“का रे? मीठ विसरले का मी?”

“मीठ हाय. भट्टी पांढरी नव्हती.”

बाईंनी खुर्ची ओढली. ताहेरला बस म्हणाल्या नाहीत, तो उभाच राहिला. तिसरीत राहायचा तसा.

“आत काय होतं?”

“बकऱ्याची तंगडी. माह्या मेव्हन्याची.” मग घाईनं, “म्हंजे त्यानं आनलेली.”

बाई हसल्या नाहीत. “झाकलेली होती?”

“उघडी.”

“खाली पत्रा असेल.”

“होता. पन चरबी फरशीवर सांडली. मी बोट लावून पाह्यलं.”

“माझे पाव बाजूला ठेवले असशील.”

ताहेरच्या लक्षात आलं, की बाई त्याला एकेक दार उघडून देताहेत. कुठल्याही एका दारातून निसटता आलं असतं.

“नाई, बाई. त्याच जागेवर.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. बाईंनी हातरुमाल उचलला, पाव बघितले, परत झाकले.

“तू मला झाली म्हणालास.”

“हो.”

“माझ्या डोळ्यावर पट्टी असताना.”

“हो, बाई.”

  ताहेरला वाटलं, आता बाई उठतील आणि अश्दोदला फोन लावतील. बाई उठल्या. पण स्वयंपाकघराकडे गेल्या.

“किती वाजले?”

“साडेपाच.”

“दिवा लावायला पंधरा मिनिटं आहेत. मूठभर कणीक मळ. हात धू आधी, कोपरापर्यंत. गॅस मी लावते.”

रोज मणभर पीठ तुडवणाऱ्या ताहेरच्या हातांना मूठभर कणीक सापडेना. ती बोटांच्या फटीत शिरून बसली. लाटायला घेतली तर तिला एकीकडे शेपूट फुटली, दुसरीकडे दोन कान.

“हे काय आहे?” बाईंनी एका डोळ्यानं निरखून विचारलं.

“पोळी.”

“पोळीनं ऐकलं तर रडेल. दे इकडे.”

दुसरी त्यांनी लाटली, पण पहिली मोडली नाही. तवा त्यांनी ठेवला, दोन्ही पोळ्या त्यांनीच भाजल्या आणि रुमालाखाली ठेवल्या, कानवाली खाली. जुने पाव आणि नानकटाई पिशवीत घालून पिशवी त्याच्या हातात दिली.

“तुला चालतील. तुझ्या घरी खा.”

मग त्यांनी वात पेटवली. दिव्यावरून तीनदा हात फिरवून दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. एका डोळ्यावर आधीच पट्टी होती, तरी त्यावरही धरला. पेल्यातलं तेल उजळलं, खालचं पाणी उजळलं, आणि ती खोली रेल्वेच्या गल्लीतून उचलून कुणीतरी हळूच पाण्यावर ठेवल्यासारखी झाली. ताहेर उंबऱ्याबाहेर आला. आत आवाज करू नये म्हणून सायकल त्यानं कोपऱ्यापर्यंत उचलून नेली.

पुढच्या शुक्रवारी त्यानं खरोखरच दोन तास भट्टी जाळली. विटा इतक्या पांढऱ्या झाल्या की बघवेना. बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाहीत. भट्टी मात्र तो जाळत राहिला.

“कोनासाठी जाळून राहिले?” नईमानं विचारलं.

“मनाची हौस.”

“हौस बाभळीच्या भावात लय महाग हाय,” ती म्हणाली, पण लाकडं तिनंच आणून दिली.

तिसऱ्या आठवड्यात बाईंचा नेहमीचा रिक्षावाला श्रावण टोस्ट घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, “मास्तरीनबाईले काल फोटोवाल्याकडं नेलं. पासपोर्टचे फोटो काढले.” ताहेरनं त्याला चुकून दोन पुडे जास्त दिले. त्या दुपारी भट्टीत बघताना त्याला ना गावं दिसली, ना उंट. नुसत्या विटा दिसल्या, आणि त्या कितीतरी वेळ विटाच राहिल्या.

चौथ्या शुक्रवारी अडीच वाजता रिक्षा थांबली. पट्टी गेली होती. नाकावर नवा जाड चष्मा होता, त्यात बाईंचे डोळे माशांसारखे मोठे दिसत होते. पिशवी बाकावर ठेवून त्या भट्टीच्या तोंडाशी गेल्या, कमरेवर हात देऊन वाकल्या आणि आत बघत राहिल्या. उजवीकडे, डावीकडे, वर घुमटात. मग काडी टाकली.

“आज विचारलं नाई तुमी,” ताहेर म्हणाला.

“आता दिसतं मला.”

ही खूशखबर होती की शिक्षा, ते ताहेरला कळलं नाही. अजूनही नक्की कळलेलं नाही. बाईंनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

त्यानं कपाटातून एक डबा काढला. “बाई, त्या दिवशीचे दोन पाव तुमचे माह्याकडे निघतात. मैदा नवा आनला, चाळून ठेवला. तेलाचं पाकीट फोडलं नाई अजून, तुमीच फोडा. आज माह्याकडून.”

बाईंनी डबा उघडून बघितला, मैद्याचा वास घेतला, झाकण लावलं. “आज मी घरून मळून आणलंय.”

“मंग पुढच्या शुक्रवारी?”

“बघू.”

पाव आत गेले. बाई बाकावर बसल्या. दारातलं ऊन आता माघातलं होतं, थोडं धीट झालेलं. थोड्या वेळानं त्यांच्या पिशवीत मुलानं घेऊन दिलेला मोबाईल वाजला. त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला, जसा त्या नेहमी धरत.

“हो, मिळाले फोटो. छान आलेत, मी कुणी वेगळीच बाई दिसते... नाही रे, मार्चमध्ये नाही जमत... एप्रिलचंही आत्ता काही सांगू नकोस.” मग बराच वेळ पलीकडचं ऐकून त्या म्हणाल्या, “अरे, इथं एकाकडे माझे दोन पाव निघतात, ते सोडून कशी येऊ?... नाही नाही, तो बिचारा देतोय. मीच घेत नाहीये.”

ताहेर भट्टीकडे तोंड करून उभा होता. त्यानं फळी आत घातली, पाव जिथे होते तिथेच होते, उगाच थोडे हलवले.

पुढच्या शुक्रवारी त्यानं डबा पुन्हा काढला. बाई म्हणाल्या, बघू.